खालच्या ओळीतलं नाव

दुसऱ्याचं यश चारचौघांत मोकळेपणानं मान्य करणं, ही मनाच्या मोठेपणाची सर्वांत खरी खूण आहे. हे मी अधिकारानं लिहितो. विरार पूर्वेला माझं पेंटिंगचं दुकान होतं, आणि फ्लेक्स येण्याआधी आमच्या भागातल्या मनाच्या मोठेपणाचा बराचसा भाग माझ्याच दुकानात, पिवळ्या कापडावर, लाल आणि निळ्या रंगात तयार होत असे. बोर्डाच्या परीक्षा, पोलीस भरती, बिनविरोध निवडी, कुणाची पंचाहत्तरी, कुणाचा परदेश दौरा. या सगळ्यांचं मी हार्दिक अभिनंदन केलेलं आहे. त्यांतल्या बहुतेकांना मी ओळखत नव्हतो. पैसे देणारे तरी त्यांना ओळखत होते का, हे विचारायची पद्धत नव्हती.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं धंद्याचं सांगतो. मांजरपाट भिंतीवर खिळ्यांनी ताणायचं, खडूची पूड लावलेल्या सुतानं रेघा मारायच्या, अक्षरं आधी खडूनं मांडायची आणि मग चपट्या ब्रशनं भरायची. रंग वाळला की दोन्ही टोकांना बांबू घालायचे आणि मध्ये ठिकठिकाणी कात्रीनं अर्धगोल चिरा द्यायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. चिरा दिल्या नाहीत तर बॅनर दोरीसकट जातो. नवखं गिऱ्हाईक हे बघून हळहळायचं. चांगल्या कापडाला भोकं पाडून मी काय मिळवतो, ते त्याला समजत नसे. सगळ्यात शेवटी, उजव्या कोपऱ्यात तळाला, पेंटर आपलं नाव आणि गाव बारीक अक्षरांत टाकतो. ती आमची जाहिरात.

मजकूर ठरलेला असे. वर 'हार्दिक अभिनंदन', मग ज्याचं अभिनंदन त्याचं नाव, मग कशाबद्दल, आणि तळाला 'शुभेच्छुक'. गिऱ्हाईक पहिल्या तीन ओळी उभ्या उभ्या सांगायचं आणि चौथ्या ओळीसाठी स्टूल मागून घ्यायचं. शुभेच्छुकांत कोण आधी, कोण नंतर, कुणाच्या नावापुढे 'साहेब' आणि कुणाच्या पुढे नुसतंच 'भाई', यावर माझ्या दुकानात लोकांनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं आहे.

एकदा एका मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला म्हणून एका पुढाऱ्याच्या माणसानं बॅनर करून घेतला. पुढाऱ्याचं नाव वीतभर अक्षरांत आणि मुलीचं बोटभर. बॅनर लागला त्या दिवशी मुलीचे वडील दुकानात आले आणि पोरीचं नाव कुठंय म्हणून विचारू लागले. तो माणूस तिथंच हिशेबाला बसला होता. म्हणाला, "आहे ना काका. जवळ जाऊन वाचा."

दुसरे एक गृहस्थ नव्या वसाहतीतल्या फ्लॅटमधले, मुंबईतल्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतःच्या पंचाहत्तरीचा बॅनर स्वतःच सांगितला, खाली 'मित्रपरिवार' टाकायला लावलं आणि कोणी विचारलं तर मित्र येऊन गेले असं सांगा म्हणाले. कोणी विचारलं नाही. अशी गिऱ्हाइकं वाढत गेली आणि लोकही शहाणे झाले. खाली ठळक नाव नसेल तर बॅनर स्वतःच लावलेला आहे, असं विरारपासून अर्नाळ्यापर्यंत सगळे धरून चालू लागले. ही समजूत एवढी पक्की होती की मीसुद्धा तसंच धरत असे. म्हणूनच काशिनाथनं मला गोंधळात टाकलं.

काशिनाथ विरारजवळच्या चांदीप गावचा. म्हशी पाळायचा, सकाळी सायकलला कॅन लावून विरारला दूध घालायचा आणि रिकामे कॅन वाजवत परत जायचा. माझ्या दुकानावरून त्याचा रस्ता. नव्वदचं दशक संपत आलं होतं, थंडी पडली होती. तो दुकानासमोर उतरला आणि बॅनर पाहिजे म्हणाला. मजकूर सांगितला: हार्दिक अभिनंदन, हरेश्वर घरत, दहावीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल.

मुलगा का, असं मी विचारलं.

"भाऊ. मोठा भाऊ."

काशिनाथच चाळिशीच्या पुढे गेलेला दिसत होता. मी ब्रश बाजूला ठेवला. शुभेच्छुक कोण, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला की खाली काही टाकायचं नाही, आणि बॅनर कोणी सांगितला हे कोणाला कळू द्यायचं नाही. वर्षानुवर्षं लोकांच्या नावांची भांडणं सोडवल्यावर बिननावाचा बॅनर मागणारा माणूस समोर आला, तर आनंद व्हायला हवा. मला संशय आला. चहा सांगितला आणि त्याला स्टूल दिलं.

त्यानं सांगितलं ते असं. हरेश्वर लहानपणी आजारपणात एक वर्ष मागे पडला होता, म्हणून दोघे भाऊ दहावीला एकत्रच बसले. काशिनाथ पास झाला, हरेश्वर गणितात गेला. वडिलांनी गावात पेढे वाटले. हरेश्वरनं आपल्या वाटणीचा पेढा घेतला, खाल्ला आणि म्हशी सोडायला गेला. भावाला एक शब्द बोलला नाही. पुढे ओळखीनं तो वसईला एका सरकारी कार्यालयात शिपाई म्हणून लागला. म्हणजे पास झालेला भाऊ म्हशींमागे राहिला आणि नापास झालेला नोकरीला लागला. वडील गेल्यावर शेताच्या बांधावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. घरं शेजारी शेजारी, अंगण एक, बोलणं नाही.

आता हरेश्वरला कारकून व्हायचं होतं आणि त्यासाठी दहावी लागत होती. घरी जादा कामाचं निमित्त सांगून तो कुठंतरी शिकवणीला जात असणार. काशिनाथ ज्या शाळेच्या कॅन्टीनला दूध घालायचा, तिथंच ऑक्टोबरच्या परीक्षेचं केंद्र होतं. फाटकातून आत शिरताना त्यानं बघितलं, तर पोरांच्या रांगेत भाऊ उभा, हातात पेन-पट्टीचा पाऊच. काशिनाथ सायकल घेऊन मागच्या मागे फिरला. त्या दिवशी कॅन्टीनला दूध मिळालं नाही. निकाल लागला तेव्हा त्यानं शाळेतल्या ओळखीच्या माणसाकडून माहिती काढली.

"तेव्हा नुसतं 'बरं झालं' म्हनला असता ना पेंटर, तरी चाललं असतं," तो म्हणाला.

मी त्याला सरळ विचारलं, हे कौतुक आहे की चेष्टा? कारण एक्केचाळीस-बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या दहावीचा बॅनर गावात लावणं हे दोन्ही असू शकतं. त्यानं बशीतला चहा संपवला.

"ते मला काय म्हाईत. तुमी लिवा."

आणि नाव का नको? तर नाव पाहिलं की तो बॅनर उतरवील. हे मात्र त्यानं विचार करून ठरवलेलं होतं.

मी लिहिला. अक्षरं चांगली आली होती. नावालाच सगळी जागा, खाली गर्दी नाही. एवढा मोकळा बॅनर मी त्याआधी केला नव्हता, आणि त्याचं समाधान मला वाटलं, हे लपवत नाही. उजव्या कोपऱ्यात सवयीनं माझं नाव टाकलं आणि तो काशिनाथच्या हवाली केला. त्यानं पहाटे दूध काढायच्या आधी गावाच्या एसटी थांब्यावर, विजेचा खांब आणि चिंचेचं झाड यांच्यामध्ये, तो बांधला.

चारेक दिवसांनी एक उंच, किडकिडीत माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. ऑफिसचा खाकी शर्ट, वर स्वेटर. आत या म्हटलं तरी येईना. भिंतीवर वाळत असलेला एक बॅनर त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग कोपऱ्यातल्या माझ्या नावावर बोट ठेवलं.

"हे तुमीच का?"

मी होकार दिला.

"तुमी माझे कोन?"

तो हरेश्वर होता. बॅनरवर त्याच्या नावाशिवाय दुसरं एकच नाव होतं आणि ते माझं होतं. गावात दोन तट पडले होते. काही लोक म्हणत होते की हरेश्वरनं स्वतःच बॅनर लावून घेतला. बाकीचे म्हणत होते की विरारच्या कोणा पेंटरशी त्याचं काहीतरी आहे. थांब्यावर लोक त्याच्याकडे रोज पार्टी मागत होते. कोणी इंग्रजीत अभिनंदन करत होतं, कोणी त्याच्याकडून अर्ज लिहून मागत होतं. त्याच्या बायकोला ती परीक्षा बॅनरवरूनच कळली होती आणि ती अजून त्यावर काही बोलली नव्हती, याचीच त्याला जास्त काळजी होती. गावातलाच एकजण त्याच्या ऑफिसात होता, त्यामुळे बातमी साहेबांपर्यंत गेली. साहेब म्हणाले, घरत, बॅनर लावण्याइतकं काय झालं? कारकुनाची जागा निघायच्या आधीच ती मागायची ही रीत आहे, असं साहेबांना वाटलं असणार. त्याला ही जागा हवी होती, मनापासून हवी होती, आणि आता बॅनरमुळेच ती जाईल की काय, ही भीती त्याच्या आवाजात सरळ ऐकू येत होती.

त्यानं विचारलं, कोण घेऊन गेला. मी म्हटलं की गिऱ्हाइकानं सांगू नका म्हटलंय. उतरवून टाका ना मग, असं मी सुचवलं. त्यानं तोही विचार केला होता. त्यानं स्वतः उतरवला तर लोक म्हणणार, आधी लावला आणि आता लाजला.

"त्यापरीस खाली कोनाचं तरी नाव टाका," तो म्हणाला.

मग आम्ही दोघांनी शुभेच्छुक शोधायला सुरुवात केली. माझ्या धंद्यात असा प्रसंग त्याआधी आला नव्हता. 'समस्त ग्रामस्थ' टाकू का? तर न विचारता टाकलं म्हणून सरपंच भांडेल. 'कुटुंबीय'? तर मग त्यानंच लावला असं सिद्ध होईल. मी म्हटलं, 'मित्रपरिवार' टाकू, ते सगळीकडे चालतं. त्यानं थोडा वेळ विचार केला.

"मला मित्र नाय," तो म्हणाला. तक्रार नव्हती. बरोबर नाव टाकायला मला मदत करावी, एवढ्याच हेतूनं तो सांगत होता.

शेवटी ठरलं ते असं, की मीच रविवारी चांदीपला यावं, थांब्यावर लोकांसमोर सांगावं की बॅनर हरेश्वरनं सांगितलेला नाही, आणि काय सुचेल ते नाव टाकून द्यावं. जाताना तो पायरीवरून वळला आणि बॅनर न्यायला गिऱ्हाईक सायकलवर आलं होतं का, असं विचारलं. मी ब्रश धुवायला घेतला. त्याला कळलं होतं की नव्हतं, हे मला तेव्हाही समजलं नाही.

रविवारी मी रंगाचे डबे घेऊन एसटीनं गेलो. थांब्यासमोर एक किराणा दुकान, तिथं बाकड्यावर नेहमीची मंडळी. मी आल्याआल्या एकजण म्हणाला, "शुभेच्छुक आले." बाकीचे हसले. हरेश्वर चिंचेखाली उभा होता, इस्त्रीचे कपडे घालून. मी घसा साफ करून सांगायचं ते सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग दुकानदारानं विचारलं की हरेश्वरनं नाही, तुम्ही नाही, मग लावला कोणी? याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि देता येत नव्हतं, म्हणून मी शिडी मागितली.

आता एक अडचण अशी, की लटकत्या कापडावर ब्रश टेकला की कापड मागे जातं. अक्षर काढायचं तर मागून कुणीतरी फळी धरून उभं राहावं लागतं. मी कोण येतंय म्हणून विचारलं, तेवढ्यात काशिनाथ दूध घालून परत आला. गर्दी बघून त्यानं सायकल झाडाला लावली, दुकानदाराचं पिंप उपडं घातलं, त्यावर चढला आणि कापडामागून फळी धरली. समोरून त्याचे गुडघ्यापासून खालचे पाय तेवढे दिसत होते.

मी तळाशी खडूनं 'शुभेच्छुक' मांडलं, लाल रंगात भरलं आणि खाली बघून विचारलं, "नाव काय टाकू?"

बाकड्यावरून सूचना आल्या. कोणी एका म्हाताऱ्याचं नाव सुचवलं, जो आदल्या वर्षीच वारला होता. कोणी म्हणालं, पेंटर, तुमचंच मोठं करा.

"काशिनाथ टाका," कापडामागून आवाज आला.

बाकड्यावरचं हसू थांबलं. हरेश्वरनं मान वर केली, पण कापडाकडे नाही, माझ्याकडे. दोघांचं बोलणं बंद होतं आणि ते आताही बंदच राहिलं. जे झालं ते माझ्यामार्फत झालं.

"पेंटर, विचारा त्याला, चेष्टा हाय का?"

मी शिडीवरून तोंड कापडाजवळ नेऊन विचारलं. खरं तर सगळ्यांनाच ऐकू गेलं होतं. फळी थोडी हलली.

"सांगा त्याला, पयल्यांदी थोडी व्हती. आता नाय."

मी सांगितलं. हरेश्वर चिंचेच्या बुंध्याशी दोन पावलं गेला आणि परत आला. तो आता उतरवा म्हणणार असं मला वाटलं. दुकानदारालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं शिडीला हात लावला.

"आनि याला कसं कळलं, ते विचारा."

"सांगा, फाटकात बघितला. रांगेत उभा व्हता."

त्या रांगेत आपल्याला कोणी बघितलं नाही, असं हरेश्वर इतके दिवस धरून चालला होता. मग त्यानं हात हलवून मला लिहा अशी खूण केली. मी 'शुभेच्छुक'च्या पुढे उरलेल्या जागेत खडूनं बारीक अक्षरांत 'काशिनाथ' मांडायला लागलो.

"बारीक नको," तो खालून म्हणाला. "थांब्यावरून वाचता आलं पायजे."

मी म्हटलं की जागा नाही, उजवीकडे माझं नाव आहे.

"मंग तुमचं पुसा."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी हे सांगत होतं. मी पिवळा रंग कालवला आणि माझं नाव, गाव झाकून टाकलं. रंग कापडापेक्षा अंमळ गडद निघाला, त्यामुळे तिथं एक पट्टा दिसत राहिला. त्यावर 'काशिनाथ घरत' लिहिलं, हरेश्वरच्या नावाएवढ्या अक्षरांत. मागून फळी घट्ट धरलेली होती, ब्रश कुठं अडखळला नाही. मी खाली उतरलो तेव्हा बाकड्यावरच्या एकानं पूर्ण मजकूर मोठ्यानं वाचला, वरपासून खालपर्यंत. दुकानदारानं बरणीतून लिमलेटच्या गोळ्या काढून वाटल्या. हरेश्वरनं घेतली आणि तोंडात टाकली. काशिनाथनं घेतली आणि सायकलवर बसून म्हशींकडे गेला.

त्यानंतर हरेश्वरला थांब्यावर कोणी छळलं नाही असं ऐकलं. बाकी त्या रविवारी नक्की काय झालं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. भाऊ भेटले म्हणावं तर ते एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. पुढे बोलायला लागले का, हेही मला पक्कं कळलं नाही; काशिनाथला विचारलं तर तो म्हणाला, कामापुरतं. बांधाचा वाद तसाच होता. चेष्टा आधी थोडी होती आणि मग नव्हती, म्हणजे नक्की कुठल्या अक्षरापाशी ती संपली, हेही त्याला सांगता आलं नसतं. जाहीर कौतुकानं माणसं जवळ येतात की त्यांना लोकांसमोर जवळ आल्यासारखं उभं राहावं लागतं, यावर मी बराच विचार केला आहे. दुकान बंद केल्यावर वेळही भरपूर मिळाला. निष्कर्ष नाही. एवढंच जाणवतं, की एक माणूस रांगेत उभा असताना दुसरा सायकल घेऊन मागच्या मागे फिरला, तेव्हा जे काही झालं ते बॅनरशिवायच झालं होतं. आणि तरीही बॅनर नसता तर ते दोघांपैकी कोणालाच कळलं नसतं.

बॅनर होळीपर्यंत होता. हरेश्वरनं कारकुनाच्या जागेसाठी रीतसर अर्ज केला. साहेबांनी बॅनरचा विषय काढला नाही आणि कागद पुढे पाठवले. तेव्हा त्याला कळवण्यात आलं की त्या जागेसाठी दहावीबरोबर मराठी टायपिंगची परीक्षाही पास व्हावी लागते. तो क्लासला जातो असं काशिनाथकडून समजलं होतं. पुढे पास झाला की नाही, ते मला माहीत नाही. तोवर विरारला फ्लेक्सचं मशीन आलं होतं.